क्रेनला लटकलेली टॅक्सी

१

ज्या टॅक्सीत बसून पोरगी मघाशी आपल्याशी बोलत होती, ती टॅक्सी गंगाबाई चोगल्यांनी मोबाइलवर पाहिली तेव्हा ती क्रेनला लटकत होती. चारही चाकं हवेत, दारांच्या फटींतून पाण्याच्या धारा, खाली बंदराचं काळंशार पाणी आणि धक्क्यावर तोंडं वर करून उभी असलेली गोरी माणसं. फोटोखाली कुणीतरी लिहिलं होतं, ‘आमच्या तिकडे टॅक्सीपण पोहायला जाते!’ आणि पुढे हसून हसून डोळ्यांत पाणी आलेले चेहरे.

गंगाबाईंच्या हातातली मांदेली परातीत पडली. खवल्यांनी भरलेल्या बोटानेच त्यांनी फोटो मोठा केला. नंबरप्लेट स्वच्छ दिसत होती आणि शेवटचे आकडे होते सात-शून्य-सात.

हाच नंबर सकाळी सलोनीने पाठवला होता. चूक व्हायला वाव नव्हता. गंगाबाई रत्नागिरीत पोलीस खात्यातून सहायक फौजदार म्हणून निवृत्त झालेल्या. गाडीचा नंबर एकदा नजरेखालून गेला की तो त्यांच्या डोक्यात खिळ्यासारखा ठोकला जाई.

सलोनी त्यांची एकुलती एक. शिरगावच्या कॉलेजात मत्स्यशास्त्र शिकली आणि गेल्या श्रावणात नॉर्वेला मासे टिकवण्याच्या एका कारखान्यात, तिथल्या प्रयोगशाळेत लागली. त्या शहराचं नाव काही गंगाबाईंच्या जिभेवर बसलं नाही, त्या आपल्या ‘सलोनीचं गाव’ म्हणत. तिची पाळी पहाटेची. त्या वेळी तिकडे बस सुरू झालेली नसे, म्हणून कारखाना टॅक्सी पाठवी. तिकडे काळाकुट्ट अंधार असे आणि इकडे रत्नागिरीच्या मुरुगवाड्यात ऊन चांगलं ओट्यावर आलेलं असे.

“परक्या शहरातली टॅक्सी म्हणजे परक्याचं घर, आणि घराला चाकं,” असं गंगाबाईंनी पोरीला जाण्याआधी बजावलं होतं. नुसतं बजावून गप्प बसतील तर त्या गंगाबाई कसल्या! त्यांनी तिची रत्नागिरीच्या रिक्षात बसवून चक्क तालीम घेतली. नंबर जुळल्याशिवाय दाराला हात लावायचा नाही. आपलं नाव आपण सांगायचं नाही, ‘कोणाला न्यायला आलात?’ असं त्यालाच विचारायचं. ड्रायव्हरच्या पाठीमागे बसायचं, पिशवी मांडीवर, दार आतून उघडतं का ते आधी बघायचं. सलोनीने हे सगळं लवू रिक्षावाल्याला विचारलं तेव्हा तो बिचारा, तिला बाळसं धरल्यापासून ओळखणारा, डोळे वटारून म्हणाला, “सलोने, डोस्कं फिरलं काय गो तुझं? मी तुलाच न्यायला आलोय!”

आणि शेवटचा नियम असा की, बसल्याबरोबर नंबरचा फोटो आईला पाठवायचा आणि उतरेपर्यंत फोन चालू ठेवायचा. मागे कोणीतरी जागं आहे, हे ड्रायव्हरला कळलं पाहिजे.

पोरीने हा नियम एकही दिवस मोडला नव्हता. आजही नाही. “चल आई, आलं कारखान्याचं दार, उतरते,” असं म्हणून तिने फोन ठेवला होता.

आणि आता ही टॅक्सी क्रेनला लटकत होती.

२

सलोनीचा फोन बंद होता. तो या वेळी बंदच असायचा. प्रयोगशाळेत शिरताना फोन कपाटात टाकावा लागतो, हे गंगाबाईंना ठाऊक होतं. पण ठाऊक असणं वेगळं आणि ‘बंद आहे’ हे फोनमधल्या बाईच्या थंड आवाजात ऐकणं वेगळं.

फोटो टाकला होता हितेशने. लांज्याच्या काजूवाल्या दीपकशेठचा हा मुलगा सलोनीच्याच गावात नोकरीला होता आणि सध्या रजेवर घरी आलेला. सलोनीला तिकडे खोली त्यानेच मिळवून दिली होती. गंगाबाईंनी त्याला फोन लावला.

“काय झालं काकी?” पोराचा पहिला शब्द.

“ती टॅक्सी,” गंगाबाई म्हणाल्या. “आतली माणसं?”

“कुठली टॅक्सी? हां, ती होय! अहो काकी, तो फोटो जुना हाय. नाताळच्या आधीचा. बर्फावरून घसरली आणि गेली बंदरात. आत एकटा ड्रायव्हर होता, तो पोहून वर आला. गाडी गेली भंगारात. मी आपला आज गंमत म्हणून टाकला.”

गंगाबाईंनी डोळे मिटले. खांबाला धरून त्या ओट्यावर टेकल्या. देवा रवळनाथा, तुझी कृपा. गंमत म्हणे! या पोराला समोर असता तर कानाखाली जाळ काढला असता.

पण तीस वर्षं ज्या डोक्याने साक्षी तपासल्या, ते डोकं काही देवाला हात जोडून थांबेना. नाताळ उलटून महिना होत आला. गाडी तेव्हाच भंगारात गेली.

मग आज सकाळी सलोनीला न्यायला आली ती गाडी कुठली?

३

परातीतली मांदेली तशीच झाकून गंगाबाईंनी लांज्याची एसटी पकडली. हितेशला फोनवर विचारून भागणारं नव्हतं. माणूस खोटं तोंडाने बोलतो आणि खरं हातांनी, असा त्यांचा अनुभव. आणि फोनवर हात दिसत नाहीत.

खिडकीशी बसून त्यांनी मनातल्या मनात केस मांडली. भंगारातल्या गाडीचा नंबर उचलून दुसऱ्याच गाडीला लावायचा, हा धंदा त्यांनी इथेही पाहिला होता. तसं असेल तर कोणीतरी खोटी टॅक्सी घेऊन अंधारात सलोनीच्या दाराशी येत होतं. तिची वेळ त्याला माहीत, तिची जागा माहीत. आज सुखरूप सोडलं, उद्याचं कोणी सांगावं? उद्या सकाळी पुन्हा ती त्याच गाडीत बसणार होती. त्याच्या आत हा गुंता सुटायला हवा होता.

काजूच्या दुकानात दीपकशेठनी खुर्ची दिली, कोकम सरबत पुढे केलं. हितेश आतून आला आणि गंगाबाईंना बघून जागीच घुटमळला. त्याचे हात उगाचच बरणीतले काजूगर वरखाली करू लागले.

“सलोनीला टॅक्सी कोण पाठवतं रे?”

“कारखाना पाठवतो ना, काकी. ठरलेल्या टॅक्सीवाल्यांकडनं. ही बुडालेली पण त्यातलीच होती.”

“तू कधी भेटलास तिला शेवटचा?”

हितेशने वडिलांकडे चोरून पाहिलं. दीपकशेठ गिऱ्हाइकात गुंतले होते. “दिवाळीनंतर नाय भेटलो.”

“का? एका गावात राहता ना?”

पोराचे कान लाल झाले. “मी तिला विचारलं होतं काकी. म्हणजे, लग्नाचं. ती नाय म्हणाली. मग मीच जायचं टाळलं. बाबांना नका सांगू.”

एवढंच होय! गंगाबाईंना हसू आलं, पण त्यांनी ते मिशीवाल्या साहेबासारखं आतच दाबलं. हे पोर नव्हे. नाही म्हटल्यावर मान खाली घालून बाजूला होणारा माणूस खोटे नंबर लावून हिंडत नाही. शिवाय आज सकाळी तो इथेच काजू वरखाली करत होता.

“तो फोटो मला मोठा करून दाखव,” त्या म्हणाल्या. हितेशच्या फोनवर तो अधिक स्वच्छ होता. गंगाबाईंनी आपला फोन शेजारी ठेवला आणि सकाळचा, सलोनीने पाठवलेला फोटो उघडला. एकदा इकडे, एकदा तिकडे पाहिलं. चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

नंबर सारखा होताच. पण दोन्ही फोटोंत प्लेटचा डावा स्क्रू गळून पडलेला होता आणि प्लेट त्या बाजूला किंचित कलली होती. खाली बंपरला चेपलेली जागा होती, तीही दोन्हींत जशीच्या तशी.

नंबर चोरता येतो. चेपलेली जागा कोण चोरणार?

म्हणजे गाडी खोटी नव्हती. ती हीच होती, भंगारात गेलेली. आणि सकाळच्या फोटोत प्लेटच्या कडेला एक पिवळं पान चिकटलं होतं. जमीन ओली, पण बर्फाचा कण नाही. “गुडघ्याएवढं बर्फ पडलंय गो आई,” असं तर सलोनी आज सकाळीच म्हणाली होती.

“हितेश, तुमच्याकडे झाडांची पानं कधी गळतात?”

“दिवाळीच्या आगेमागे. आता कुठलं पान! सगळे खराटे उभे असतात.”

सरबताचा पेला गंगाबाईंनी खाली ठेवला. खोटी टॅक्सी नव्हती, खोटा फोटो होता. जुना, राखून ठेवलेला, आज सकाळचा म्हणून पाठवलेला.

आणि तो पाठवणारी त्यांची स्वतःची मुलगी होती.

४

लांज्याच्या स्टँडवर एका बाजूच्या बाकावर बसून गंगाबाईंनी दिशाला फोन लावला. दिशा सावर्ड्याची, सलोनीबरोबर एका खोलीत राहणारी. तिकडे वृद्धाश्रमात रात्रपाळी करायची, पहाटे घरी यायची.

“काकी? काय झालं?” दिशाही तेच म्हणाली. आवाज झोपेतून उठल्यासारखा.

“काय नाय झालं. मला एक सांग, सकाळी सलोनीला न्यायला कोण येतं?”

पलीकडे पांघरूण सरकल्याचा आवाज आला.

“दिशा?”

“टॅक्सी येते ना काकी. नेहमीची.”

“नेहमीची बंदरात बुडाली.”

पलीकडे सामसूम. अशा शांततेत गंगाबाईंनी कित्येक चोर पिकताना पाहिले होते. त्यांनी मुद्दाम घाई केली नाही.

“काकी, तुम्ही तिलाच विचारा ना,” दिशा शेवटी म्हणाली, आणि तिचा आवाज चिरकला. “मला नका घालू यात. मी तिला शब्द दिलाय.”

“कोणी माणूस आहे का? तिला नेणारा? घाबरू नको. मी रागावणार नाय, पण मला कळलं पाहिजे. ती सुखरूप आहे ना?”

“आहे.” मग थोडं थांबून, “तशी आहे.”

“तशी म्हणजे कशी गो?”

दिशाने फोन ठेवून दिला होता.

गंगाबाई बाकावर बसून राहिल्या. समोरून गाड्या लागत होत्या, सुटत होत्या. त्यांच्या मनात नको नको ते येऊ लागलं. कोणीतरी पोरीला आपल्या गाडीतून नेत असेल, बायकापोरांचा बाप असेल, आणि आईला कळू नये म्हणून ती जुने फोटो पाठवत असेल. किंवा त्याहून वाईट, त्याच्याच सांगण्यावरून पाठवत असेल. खात्यात असताना अशा मुली त्यांच्या टेबलासमोर बसून रडल्या होत्या. त्यांच्या आयाही. त्या आयांना त्या नेहमी एकच विचारत, ‘इतके दिवस तुमच्या लक्षात कसं आलं नाही?’

आता तोच प्रश्न त्यांच्यासमोर येऊन बसला होता.

५

परतीच्या एसटीत शेजारी एक गृहस्थ बसले होते. वरातीत बोलावं तशा आवाजात ते फोनवर जावयाला फणसाच्या कलमांबद्दल सांगत होते. अंजणारीचा घाट लागला, गाडी वळणं घेत खाली उतरू लागली आणि गृहस्थ ओरडायला लागले, “हॅलो! हॅलो! अहो ऐकताय ना? गेली च्यायला रेंज!” मग गंगाबाईंकडे वळून, जणू त्यांचाच दोष असावा तसे म्हणाले, “हे आपल्या कोकणाचं कायमचं दुखणं बघा. घाट लागला की फोन मेला. आणि रेल्वेने गेलात तर विचारूच नका. बोगदा आला की तुटला, बोगदा आला की तुटला. मुंबईहून निघालेली बातमी रत्नागिरीला येईपर्यंत तुकड्यातुकड्यांनी येते.”

गंगाबाईंनी हसून मान हलवली, आणि हलवता हलवता ती मान तशीच थांबली.

बोगदा.

सलोनीच्या वाटेवर बोगदा होता! दिवाळीच्या सुमाराला तिचे फोन यायचे तेव्हा मध्येच तुटायचे. “आई, डोंगर आला, आता तुटेल हां,” असं ती आधीच सांगायची, फोन तुटायचा, आणि पलीकडे गेल्यावर ती पुन्हा लावायची. गंगाबाई तेवढा वेळ हातातलं काम टाकून फोनकडे बघत बसत. कोकणातल्या माणसाला तुटणाऱ्या फोनची इतकी सवय, की तो तुटायचा कधी बंद झाला, हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. लागलेला फोन न तुटता चालला, यात तक्रार कोण करतं?

नव्या वर्षापासून तो एकदाही तुटला नव्हता.

गंगाबाईंनी पदराने कपाळ पुसलं. आता डोकं भराभर चालू लागलं. कारखान्याला जायला डोंगराखालून जावंच लागतं. फोन तुटत नाही, म्हणजे त्या वेळी पोरगी कारखान्याकडे जातच नाही. मग कुठे जाते? पूर्वी ती बोलता बोलता मध्येच ड्रायव्हरशी इंग्रजीत काहीबाही बोलायची, ‘थांब हां आई’ म्हणायची. तेही बंद झालं होतं. गाडीत दुसरा कोणी असता, अगदी प्रियकर असता, तरी कधी खोकला असता, कधी गाणं लागलं असतं, कधी ब्रेक लागला असता. पूर्वी ती फोनवरच्या नकाशात आपण कुठे आहोत ते सरकणारं टिंब दाखवायची. तेही नव्या वर्षापासून बंद. थंडीत बॅटरी उतरते, असं कारण तिने दिलं होतं. बॅटरी उतरते म्हणे! टिंबाला बॅटरी पुरत नाही आणि एवढ्या गप्पांना पुरते?

सरकणारं टिंब दाखवता येत नाही, कारण ते सरकत नाही.

पोरगी टॅक्सीत नसते. कोणाच्याच गाडीत नसते. ती बसल्या जागेवरून बोलते.

मुद्देमाल सगळा हातात आला होता. गुन्हेगार कळला होता, गुन्हा कसा झाला तेही कळलं होतं. एकच गोष्ट उरली होती, आणि खात्यातले साहेब म्हणायचे तीच सगळ्यात अवघड. का?

६

घरी आल्यावर गंगाबाईंनी दिवासुद्धा लावला नाही. त्यांनी दिशाला पुन्हा फोन केला.

“तू शब्द दिलायस तो मोडू नको. मी सांगते, तू फक्त चुकलं तर चुकलं म्हण. सलोनीची पहाटेची पाळी बंद झाली. बरोबर?”

“हो काकी.” दिशाचा आवाज अगदी बारीक झाला. “नाताळात सगळ्यांचीच झाली. आता आठची पाळी असते. चांगली बसने जाते ती.”

“पण उठते पहाटेच.”

“मी कामावरून येते तेव्हा ती पलंगाच्या कडेवर बसलेली असते. दिवा नाही लावत. अंगात कोट, डोक्याला टोपी, मांडीवर पिशवी, पायांत बूट. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी घाबरले काकी. मी म्हटलं, हे काय गो? तर म्हणाली, अशी बसले नाही तर खोटं बोलता येत नाही. तुमच्याशी बोलून झालं की सगळं काढते, फोन बंद करते आणि पुन्हा पांघरुणात शिरते.”

“फोटो?”

“पहिल्या पहिल्यांदा भीतीने एकेका गाडीचे चार चार काढायची. ते उरलेत.”

गंगाबाईंना ते पिवळं पान आठवलं.

“इथे तिला कोणी नाही काकी,” दिशा रडतच म्हणाली. “मी दिवसा झोपते, ती दिवसा कामावर. सुट्टीच्या दिवशी ती कोणाशी एक शब्द बोलत नाही. मी म्हटलं, आईला सरळ फोन कर ना. तर म्हणाली, आमच्याकडे सरळ फोन करत नाहीत.”

आमच्याकडे सरळ फोन करत नाहीत.

गंगाबाईंनी फोन ठेवला आणि अंधारातच बसून राहिल्या. खरंच होतं ते. त्यांचं माहेर हर्णैचं, सासर खाडीच्या तोंडाशी, दोन्हीकडची माणसं दर्यावर गेलेली. अशा घरात फोन वाजला की जेवणारा हात थांबतो. कामाचा फोन असेल तर ठीक. मासळी कुठे उतरायची, डिझेल कधी भरायचं, एवढं बोलून लोक फोन ठेवतात. नुसता, बिनकामाचा फोन कोणी कोणाला करत नाही. कारण तसा फोन वाजला तर तो एकाच बातमीचा असतो. सलोनीचे वडील, शिवा, मोठ्या होडीवर तांडेल, म्हणजे खलाशांचे म्होरके होते. त्यांच्या होडीच्या मालकाने असाच भरदुपारी, काही कारण नसताना फोन केला होता. म्हणून तर लांज्याचा हितेश वाण्याचा मुलगा असूनही ‘काय झालं’ म्हणाला आणि सावर्ड्याची दिशाही तेच म्हणाली. गंगाबाई चोगल्यांचा फोन आला म्हणजे काहीतरी झालंच असणार, हे सगळ्यांनी गृहीत धरलेलं.

गेल्यावर पहिल्याच महिन्यात सलोनीने एकदा तसा फोन केला होता. “काही नाही गो, उगाच केला,” असं ती म्हणाली तोवर इकडे दुधाचं पातेलं हातातून पडलं होतं आणि छातीची धडधड संध्याकाळपर्यंत थांबली नव्हती. “बाय, उगाच फोन नको करूस. जीव जातो माझा,” एवढंच त्या म्हणाल्या होत्या.

पोरीने ऐकलं. पुन्हा उगाच केला नाही. टॅक्सीचा फोन तेवढा चालत होता, कारण त्याला कारण होतं. टॅक्सी गेली तेव्हा तिने ती कारणापुरती शिल्लक ठेवली.

आणि आपण तरी काय वेगळं करत होतो? गंगाबाईंना परातीतल्या मांदेलीची आठवण झाली. एकट्या बाईला मांदेली कशाला लागते? बांगडा घेतला तर पाच मिनिटांत साफ होतो. पण मांदेली इवलीइवली, एकेक हातात घ्यावी लागते, पोरीचा फोन संपेपर्यंत पुरते. रोज बाजारात गेल्यावर त्या मांदेलीवालीकडेच का वळायच्या, हे त्यांना आज पहिल्यांदा कळलं. दिवसातला तेवढाच एक वेळ या घरात दोन माणसांचा आवाज असायचा. बाकीचा दिवस त्या स्वतःशीसुद्धा बोलत नसत.

मग मात्र त्यांना रडू आलं. पोलिसातली बाई म्हणून जे इतकी वर्षं आवरलं होतं ते सगळंच आलं. शेजारी ऐकतील याचीही त्यांनी पर्वा केली नाही.

७

सकाळी त्यांनी अंघोळ केली, देवाला फूल वाहिलं आणि ओट्यावर येऊन बसल्या. हातात आज परात नव्हती. टॅक्सीची वेळ अजून झाली नव्हती. पलीकडे पोरगी कोट चढवत असेल, अंधारात बूट चाचपडत असेल.

त्यांनी सलोनीला फोन लावला. जन्मात कधी केलं नव्हतं ते करायचं म्हणजे काही सोपं नसतं.

पहिल्याच रिंगला फोन उचलला गेला.

“आई! काय झालं?” सलोनीचा आवाज फाटला होता. “आई, बोल ना! कोण गेलं?”

“कोण नाय गेलं. सगळे आहेत जिथल्या तिथे.”

“मग तुझं काय? छातीत दुखतंय? लवूदादाला बोलव—”

“अगो, मी ठणठणीत आहे. काय नाय झालं.” गंगाबाईंनी सांगून टाकलं. “उगाच केलाय.”

पलीकडून अगदी हळू आवाजात, “उगाच?”

“उगाच. तुझ्याशी बोलावंसं वाटलं.”

“आई, मी आता... टॅक्सी यायचीच आहे, खाली उभी—”

“सलोनी, बूट काढ बाय.”

सामसूम झाली. पण ही वेगळी होती. दिशाच्या शांततेसारखी गंगाबाईंना ती पिकू द्यायची नव्हती.

“कोट पण काढ. दिवा लाव. किती दिवस अंधारात बसशील?”

आणि मग पलीकडून हुंदका आला. पहिला दाबलेला, दुसरा न दाबलेला. लहानपणी पडल्यावर रडायची तशी पोरगी रडत होती. “तू रागावलीस?” मध्येच तिने विचारलं. “मी तुला रोज फसवलं.”

“फसवलंस तर. पोलिसाला फसवलंस. आणि ते जुनं पान चिकटलेला फोटो पाठवून? जरा तरी अक्कल लावायची!” गंगाबाईही रडतच होत्या, पण आवाजाला त्यांनी वर्दी चढवली. “मला तर वाटलं, कोणी मेल्याने पळवलं तुला. जीव टांगणीला लागला होता माझा काल दिवसभर. लांज्याला जाऊन आले मी, माहीत आहे?”

“लांज्याला? हितेशकडे?” सलोनी रडता रडता हसली. “आई, त्याला काही बोलली नाहीस ना?”

“बरा आहे गो तो. घाबरट आहे, पण बरा आहे.”

“आई!”

मग बोलणं सुरू झालं ते सुरूच राहिलं. सलोनीने खरंखुरं सांगितलं, रोज टॅक्सीतून सांगायची तसं नव्हे. जेवायच्या सुट्टीत ती एकटी खिडकीशी बसते, तिथल्या बायका वाईट नाहीत पण त्यांना तिच्याशी काय बोलावं ते कळत नाही, सूर्य दिसून किती दिवस झाले ते ती विसरली आहे, आणि एकदा बसमध्ये आपल्या घरच्यासारखा मासळीचा वास आला तेव्हा ती आपल्या स्टॉपच्या पुढे गेली, उतरावंसंच वाटेना. गंगाबाईंनी सगळं ऐकलं. उपदेश एकही केला नाही. मग त्यांनीही सांगितलं की निवृत्त झाल्यापासून दुपार काही केल्या सरत नाही, आणि रात्री त्या शेजारच्यांचा टीव्ही ऐकत झोपतात, कारण आपला लावला तर एकटीसाठी लावल्यासारखं वाटतं. हे त्यांनी आजवर कोणाला सांगितलं नव्हतं. सांगून झाल्यावर त्यांना लाज वाटली नाही, याचं त्यांनाच नवल वाटलं.

ओट्यावरचं ऊन पायरीवरून अंगणात उतरलं. शेवटी बोलायचं काहीच उरलं नाही. दोघी नुसत्या श्वास ऐकत बसल्या. सलोनी सवयीने म्हणाली, “बरं आई, ठेवू मग?”

“का गो?” गंगाबाई म्हणाल्या. “तुला कुठे उतरायचंय?”